घरात यायला निमित्त लागतं: आपल्याकडं गेम कन्सोल का खपला नाही

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी बोलणं बहुतेक तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. जगभर कोट्यवधी घरांत टीव्हीखाली एक खोकं असतं: प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स नाहीतर निन्टेंडो. आपल्याकडं टीव्ही आला, केबल आली, डिश आली, मोबाइल तर घरटी चार-चार आले. मग हे खोकं का नाही आलं? मोठ्या कंपन्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पैसा ओतला, क्रिकेटर आणले, हिरो आणले. तरी गिऱ्हाईक दुकानाच्या काचेपाशी थांबून पुढं गेलं.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "महाग होतं, आणि लोक पायरेटेड घ्यायचे." हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला आमच्या गावाकडून बघताना जास्त स्पष्ट दिसतं. माझं गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. घाटाच्या पायथ्याशी, वऱ्हाड आणि खानदेशाच्या वाटेवर. इतिहासात आमच्या गावाचं नाव येतं ते पंधराव्या आणि सोळाव्या शतकातल्या दोन लढायांसाठी. आजची लढाई तेवढी मोठी नाही, पण तीही वाटेवरचीच आहे: एखादी वस्तू जपानातून, अमेरिकेतून निघते आणि आमच्या उंबरठ्यापाशी येऊन का थांबते?

आधी चाळीस हजारांचा हिशेब

एक्सबॉक्स ३६० भारतात अधिकृतपणे आला २००६ च्या सप्टेंबरमध्ये. साधं मॉडेल १९,९९० रुपये, वरचं २३,९९०. सोनीचा प्लेस्टेशन ३ आला २००७ च्या एप्रिलमध्ये, किंमत ३९,९९० रुपये.

आता हा आकडा आमच्या भाषेत, म्हणजे कापसात मोजू. २००७-०८ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला २,०३० रुपये. म्हणजे एक प्लेस्टेशन ३ बरोबर जवळजवळ वीस क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतात एकरी चार-पाच क्विंटल झाला तरी माणूस समाधान मानतो. तेव्हा चार-पाच एकरांचं अख्खं पीक. आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा केलेली नाही. एवढं देऊन फक्त यंत्र मिळणार. गेम वेगळा घ्यायचा. नव्या गेमची किंमत हजार-दोन हजारांच्या घरात.

त्याच २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं सिनेमांच्या सीडी-डीव्हीडी काढल्या, सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. करमणुकीची चकती चौतीस रुपयांना मिळते हे एकदा डोक्यात बसलं की दुसरी चकती दोन हजारांना का घ्यायची, हे समजावायला दुकानदाराकडं शब्द नव्हते.

कंपन्यांचीही एक अडचण होती, तीही सांगतो. कन्सोलचा धंदा उलटा चालतो. यंत्र स्वस्तात, कधी तोट्यात विकायचं आणि गेम विकून पैसे वसूल करायचे. सुरुवातीला सोनीला प्रत्येक प्लेस्टेशन ३ बनवायला त्याच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येत होता. म्हणजे गिऱ्हाईक वर्षाला पाच-सहा गेम पूर्ण किमतीत घेईल, या भरवशावर सगळा डोलारा. आपल्याकडं प्लेस्टेशन २ जो काही खपला, त्यातल्या कितीतरी यंत्रांत आधी चिप बसवली जायची, म्हणजे कॉपी केलेल्या चकत्या चालतील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही.

तर किंमत आणि कॉपी, दोन्ही कारणं खरी. पण मला इथं एक गोष्ट खटकते. प्लेस्टेशन ३ च्या किमतीत थोडे पैसे घातले की तेव्हा मोटरसायकल यायची, आणि त्या वर्षांत आमच्या गावात मोटरसायकली येत होत्या. रंगीत टीव्ही येत होते. शहरात तर पगारदार घरं तीस-तीस हजारांचे कॉम्प्युटर घेत होती. म्हणजे पैसा अजिबात नव्हता असं नाही. पैसा होता, पण या खोक्यासाठी तो सुटत नव्हता. का?

"काय कामाचं हाय हे?"

आमच्या घरी कुठलीही नवी वस्तू आली की माझी आजी एकच प्रश्न विचारायची, "काय कामाचं हाय हे?" माझं म्हणणं असं, की भारतात कन्सोल या एका प्रश्नावर नापास झाला.

मोटरसायकलीचं उत्तर तयार आहे. मोबाइलचं आहे. टीव्हीचंसुद्धा आहे, बातम्या आणि हवामान. कॉम्प्युटरचं तर सगळ्यात भारी: पोरांचं शिक्षण. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागायला लागले. तालुक्याच्या गावी सेंटर निघाली. ज्या घरात कुणाला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, तिथंही "एमएस-सीआयटी झालंय का?" हा प्रश्न पोचला. त्या लाटेत कितीतरी घरांत कॉम्प्युटर आला. आला अभ्यासाच्या नावानं. आणि संध्याकाळी त्यावर काय चाललं? व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७.

मी स्वतः बीटेकला गेलो तेव्हा लॅपटॉप मिळाला, कारण इंजिनिअरिंगला लॅपटॉप लागतो. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात त्या लॅपटॉपवर कंपायलर नंतर आला, काउंटर-स्ट्राइक आधी. पूर्ण मजल्याचं असंच. घरच्यांना माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण लॅपटॉपकडं उत्तर होतं. कन्सोलचं उत्तर एकच: यावर खेळायचं. एवढं स्वच्छ उत्तर आपल्या घरात चालत नाही. आपल्याकडं मजेला सोबत म्हणून काहीतरी काम लागतं. यालाच मी निमित्त म्हणतो.

हे फक्त आपल्याकडंच असं समजू नका. कन्सोलचा सगळा इतिहास म्हणजे निमित्तांचा इतिहास आहे, आणि तो फार मजेशीर आहे.

जपान, अमेरिका, चीन: सगळीकडं निमित्तच

जुलै १९८३. निन्टेंडोनं जपानात आपलं यंत्र आणलं, किंमत १४,८०० येन. नाव काय ठेवलं? 'फॅमिली कॉम्प्युटर'. लोक लाडानं फॅमिकॉम म्हणायला लागले. नावात गेम हा शब्दच नाही. कुटुंब आहे आणि कॉम्प्युटर आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. बाजारात भरमसाट रद्दी गेम आले होते, लोक वैतागले आणि दोन वर्षांत अब्जावधी डॉलरचा बाजार नावापुरता उरला. दुकानदार 'व्हिडिओ गेम' म्हटलं की दार दाखवायचे. १९८५ मध्ये निन्टेंडो न्यूयॉर्कमध्ये गेलं ते तयारीनं. यंत्राचं रूप व्हीसीआरसारखं केलं, कॅसेट समोरून आत सरकवायची. नाव 'एंटरटेनमेंट सिस्टिम'. आणि सोबत दिला एक छोटा रोबो. तो रोबो फक्त दोन गेममध्ये चालायचा, पुढं त्याला कुणी विचारलंही नाही. पण त्याचं काम खेळण्याचं नव्हतंच. दुकानदाराला सांगता यावं की हा व्हिडिओ गेम नाही, खेळणं आहे, यासाठी तो होता. एकदा दार उघडलं की रोबोचं काम संपलं.

सन २०००. प्लेस्टेशन २ जपानात ३९,८०० येनला आला. तेव्हा डीव्हीडी प्लेअर नवे आणि महाग होते, आणि या यंत्रात डीव्हीडी चालायची. म्हणजे वडिलांना सिनेमा, पोरांना गेम. पुढं हा जगातला सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल ठरला, साडेपंधरा कोटींहून जास्त. गेम चांगले होते हे आहेच, पण घरात शिरताना हातात डीव्हीडी होती हे विसरू नका.

आणि चीन. तिथं सरकारनं २००० मध्ये कन्सोलवर बंदीच घातली, ती पूर्ण उठायला २०१५ उजाडलं. पण त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात तिथल्या सुबोर कंपनीनं फॅमिकॉमची नक्कल केली, तिला कीबोर्ड जोडला आणि 'शिकण्याचं यंत्र' म्हणून विकली. जाहिरातीत जॅकी चॅन. आई-बापांनी टायपिंगसाठी घेतलं, पोरांनी कॉन्ट्रा खेळला.

हे चीनचं वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. कारण हेच यंत्र, किंवा याचाच चुलतभाऊ, आमच्या घरी होता.

आमच्याकडचा 'कॉम्प्युटर'

माझा चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो, स्कॉलरशिपच्या परीक्षेत पास झाला तेव्हा काकांनी मलकापूरहून बक्षीस आणलं. डब्यावर कॉम्प्युटरचं चित्र, आत पिवळट कीबोर्ड, दोन रिमोट, एक बंदूक आणि दोन कॅसेटी. एका कॅसेटमध्ये टायपिंग आणि बेरीज-वजाबाकी. दुसरीवर लिहिलेलं '९९९९९९९ इन १'. घरात त्याचं नाव शेवटपर्यंत 'कॉम्प्युटर'च राहिलं. आजीनं प्रश्न विचारला, काकांनी सांगितलं, "टायपिंग शिकतील पोरं." प्रश्न मिटला. टायपिंगची कॅसेट आठवडाभर चालली असेल.

तांत्रिक बाजू थोडी सांगतो, नाहीतर इंजिनिअर असण्याचा उपयोग काय. मूळ फॅमिकॉममध्ये कामासाठीची मेमरी होती दोन किलोबाइट. सुपर मारिओ ब्रदर्स हा पूर्ण गेम चाळीस किलोबाइटचा. आज व्हॉट्सॲपवर येणारं गुड मॉर्निंगचं एक फूल याहून जड असतं. यंत्र इतकं साधं होतं की पुढं नक्कल करणाऱ्यांनी ते सगळं एका चिपमध्ये बसवलं. तुम्ही असा गेम उघडून पाहिला असेल तर हिरव्या पट्टीवर काळ्या डिंकाचा एक थेंब दिसतो, तोच तो सगळा फॅमिकॉम. आणि ते ९९ लाख ९९ हजार गेम म्हणजे मोजून दहा-वीस. तेच परत परत, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी रंग बदलून.

पण या नकली यंत्रानं जे जमवलं ते असलीला जमलं नाही, आणि ते फक्त स्वस्त होतं म्हणून नाही. आमच्या आयुष्याच्या मापात ते बसत होतं.

एक, लोडशेडिंग. २००५ च्या पुढची वर्षं ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढली त्यांना आठवेल, दिवसाचे बारा-बारा तास लाइन नसायची. कॉन्ट्रा अर्ध्या तासात संपतो. त्यात सेव्ह करायची भानगडच नाही. लाइन गेली तर गेली, आली की पहिल्यापासून. नवे कन्सोल आणि नवे गेम धरून चालतात की तुमच्याकडं सलग दोन-तीन तास वीज आहे.

दोन, दुरुस्ती. रिमोटची वायर आत तुटली तर टीव्ही दुरुस्तीवाला दहा रुपयांत डाग देऊन द्यायचा. कॅसेट चालली नाही तर फुंकर. उलट एक्सबॉक्स ३६० उष्णतेनं मरतो हे जगभर गाजलं. पुढच्या बाजूला लाल दिवे लागले की खेळ खलास. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षं करावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. ही अमेरिकेतल्या थंड घरांतली गोष्ट. मे महिन्यात मलकापुरात ४५ अंशांवर पारा गेलेला असताना, पत्र्याच्या खोलीत त्याचं काय झालं असतं याची कल्पना करा.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: देवाणघेवाण. कॅसेट हातात धरता येते, मित्राला देता येते, बदल्यात त्याची आणता येते. आमच्या आळीत चार घरांत मिळून सात-आठ कॅसेटी असतील, पण प्रत्येकाला सगळ्या आपल्याच वाटायच्या. गाव असंच चालतं. फवारणीचा पंपसुद्धा असाच फिरतो. नव्या कन्सोलचा प्रवास उलट दिशेनं झाला. आधी चकती, मग चकतीसोबत खातं, मग नुसतं डाउनलोड. आज डाउनलोड केलेला गेम मित्राला हातात काढून देता येत नाही.

युवराज होता, क्रिकेट कमी पडलं

आता असलीवाल्यांनी काय केलं ते बघू. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्ससाठी युवराज सिंग आणि अक्षय कुमार, दोघांना घेतलं. विचार बरोबर होता. २००७ मध्ये युवराजच्या नावाचा क्रिकेट गेमही आला. पण तो मुळात कोडमास्टर्सचा ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७. भारतात त्यावर युवराजचं नाव, ऑस्ट्रेलियात पाँटिंगचं.

आणि ज्या गेमवर आपली पिढी खरी वेडी होती, तो ईए कंपनीचा क्रिकेट ०७? तो आला २००६ च्या नोव्हेंबरात, फक्त पीसी आणि प्लेस्टेशन २ वर. एक्सबॉक्स ३६० वर आलाच नाही. पीसीवर मात्र साध्यातल्या साध्या मशिनवर चालायचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. त्यानंतर ईएनं क्रिकेट गेम काढणंच थांबवलं; पण आपल्याकडची पोरं त्याच गेममध्ये नव्या टीमच्या जर्स्या आणि खेळाडू घालून वर्षानुवर्षं खेळत राहिली. म्हणजे २००७ च्या सप्टेंबरात युवराजनं डर्बनला सहा षटकार मारले, देश वेडा झाला, आणि ते षटकार पोरांनी घरी परत मारले ते कन्सोलवर नाही, एमएस-सीआयटीच्या कॉम्प्युटरवर.

सोनीनं जरा वेगळा रस्ता धरला. इथल्या कंपन्यांकडून गेम करून घेतले. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आला, हैदराबादच्या स्टुडिओनं केलेला. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', गल्ली क्रिकेटचा. कल्पना चांगली, पण वेळ गेलेली. हे प्लेस्टेशन २ साठी होते आणि तोवर तो कन्सोल नऊ-दहा वर्षांचा म्हातारा झाला होता. डीव्हीडीचं निमित्तही संपलेलं. साधा डीव्हीडी प्लेअर दीड-दोन हजारांत मोताळ्यात मिळत होता. आणि प्लेस्टेशन ३ चं ब्लू-रे हे निमित्त तर आपल्याकडं लागूच नव्हतं. अमेरिकेत ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरचा होता, म्हणून प्लेस्टेशन स्वस्त वाटला. आपल्याकडं घराघरांत डबा टीव्ही, त्याला ब्लू-रे दाखवून उपयोग काय?

इथं ब्राझीलची आठवण काढली पाहिजे, म्हणजे 'गरीब देशात कन्सोल खपत नाही' हे उत्तर किती अपुरं आहे ते कळेल. ब्राझीलमध्ये कर आपल्याहून भयंकर. २०१३ मध्ये तिथं प्लेस्टेशन ४ ची किंमत ३,९९९ रियाल होती, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ १,८०० डॉलर. तरी तिथं कन्सोलची संस्कृती आहे. कारण १९८९ पासून टेकटॉय नावाच्या कंपनीनं सेगाचा मास्टर सिस्टिम तिथंच बनवला आणि गेममधली पात्रं काढून तिथल्या लाडक्या कॉमिकमधली मोनिका घातली. कन्सोल घरचा झाला. गंमत म्हणजे त्याच टेकटॉयनं क्वालकॉमबरोबर २००९ मध्ये 'झीबो' काढला, खास विकसनशील देशांसाठी, मोबाइल नेटवर्कवरून गेम उतरवणारा. भारतही त्यांच्या यादीत होता. २०११ मध्ये तो गुंडाळला गेला. गरिबांसाठी म्हणून केलेलं यंत्र गरिबांनी नाही घेतलं. आपलं वाटलेलं घेतलं होतं.

सरकारी कागदावरचं "काय कामाचं"

आजीचा प्रश्न फक्त आजीचा नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाचे दर पाहा: मोबाइल १२ टक्के, लॅपटॉप १८ टक्के, गेम कन्सोल २८ टक्के. सगळ्यात वरचा टप्पा. आता प्लेस्टेशन ४ उघडला तर आत एएमडीचा प्रोसेसर, तुमच्या पीसीच्याच जातीचा. चिप तीच, मेमरी तीच, हार्ड डिस्क तीच. फरक एवढाच की एका खोक्यावर लोक अभ्यासही करू शकतात आणि दुसऱ्यावर फक्त खेळतात. त्या 'फक्त'चा कर दहा टक्के. २०१८ च्या डिसेंबरात जीएसटी कौन्सिलनं तो १८ वर आणला, हे नोंदवायला पाहिजे.

किमतीचंही एक गमतीचं गणित. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ होता ३९,९९० ला. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ भारतात आला, त्याचं चकतीशिवायचं मॉडेल ३९,९९० ला. चौदा वर्षं, रुपया तेवढाच. मधल्या काळात पगार वाढले, कापसाचा भाव वाढला, म्हणजे खऱ्या अर्थानं कन्सोल कितीतरी स्वस्त झाला. शहरात आता लोक घेतातही. पण माझ्या ऑफिसात कुणी कन्सोल घेतला की घरी काय सांगतात? "यावर नेटफ्लिक्स पण चालतं." बघा, निमित्त!

मग बिघडलं काय?

तुम्ही म्हणाल, नाही आला कन्सोल, काय फरक पडला? मोबाइल आला ना. जिओ आला २०१६ मध्ये, पबजी मोबाइल २०१८ मध्ये, आणि रोहिणखेडच्या पारावर पोरं हेडफोन लावून ओरडायला लागली. खेळायचं तर खेळतायतच.

फरक पडतो. दोन ठिकाणी पडतो.

पहिलं, बनवणाऱ्यांना. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' नावाचा गेम केला, देव-दानवांच्या युद्धात भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी टिकून राहिले. २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. हा गेम सगळ्यात आधी कुठं आला माहितीये? निन्टेंडो स्विचवर, आणि तेव्हा स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात बनलेली गोष्ट पुण्यातल्या पोराला पहिल्या दिवशी रीतसर दुकानातून घेऊन खेळता येत नव्हती. खेळासाठी सरळ पैसे मोजणारं घर इथं तयार झालं नाही, म्हणून इथल्या कलाकाराला आपलं गिऱ्हाईक बाहेर शोधावं लागतं.

दुसरं, खेळणाऱ्यांना. कन्सोल दारातच सांगतो: मी खेळ आहे आणि माझी किंमत एवढी. घ्या नाहीतर सोडा. मोबाइलवरचा गेम फुकट म्हणून आत येतो, फोनच्या निमित्तानं. आणि फुकट आलेल्याला पैसे कुठून तरी काढावेच लागतात. कधी बंदुकीचा रंग विकून, कधी दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवून आणि पुढं पुढं तर पैसे लावूनच. रमी, पत्ते, बेटिंग हे सगळं 'गेमिंग' या एकाच नावाखाली गावागावांत पोचलं. किती घरांत त्यानं काय झालं हे तुमच्याही कानावर असेल. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा करावा लागला.

याचा अर्थ कन्सोल आला असता तर जुगार आला नसता, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की खेळाची किंमत उघडपणे मोजायची सवय ज्या घराला नसते, त्या घराकडून ती लपून वसूल करणं सोपं जातं. आणि आई-बापांना टीव्हीसमोर चार पोरं काय खेळतायत ते दिसतं. गोधडीत शिरलेल्या फोनवर काय चाललंय ते दिसत नाही.

त्यामुळं एक्सबॉक्स का खपला नाही याचं माझं उत्तर असं: तो महाग होता, तो नाजूक होता, त्यावर आपलं क्रिकेट धड नव्हतं, आणि त्याला वाटून घेता येत नव्हतं. पण या सगळ्यावर मात झाली असती, जर त्याच्याकडं आजीच्या प्रश्नाचं उत्तर असतं. उत्तर होतं, पण ते 'खेळायला' एवढंच होतं. आणि खेळणं हे स्वतःच एक काम आहे, त्यासाठी वेळ आणि पैसा उघडपणे बाजूला काढला तर बिघडत नाही, हे आपण पोरांना मैदानाबद्दलसुद्धा आत्ता आत्ता सांगायला लागलोय.

आजच्या भागापुरतं इतकंच. तुमच्या घरी पहिला व्हिडिओ गेम कुठल्या निमित्तानं आला, टायपिंग, एमएस-सीआयटी, डीव्हीडी की आणखी काही, ते मला नक्की कळवा. भारी असेल तर पुढच्या भागात नाव न घेता वाचून दाखवीन. भेटू. लाइन असली तर.